पिशवीतली हळद

आमच्या थोरल्या काकांना जगातली कुठलीही गोष्ट समजावून सांगू नये. ते त्यातलं नेमकं अर्धं उचलतात आणि त्या अर्ध्यावर बंगला बांधतात. राहता बंगलाही त्यांनी तसाच बांधलाय. जिना बाहेरून गेलाय आणि वरच्या मजल्याला दार ठेवायचं राहिलंय. पण तो विषय वेगळा. मला सांगायचंय ते हळदीचं.

मी भिवंडीजवळ वडप्याला मसाल्याच्या कारखान्यात कामाला आहे. कारखाना म्हणजे एक उंच पत्र्याचा गाळा, दोन्ही बाजूंना गोदामं आणि समोर कंटेनरची रांग. गाळा काकांचा, मशीन शेठचं आणि नाकात जाणारी धूळ माझी. माझं काम चाळणीचं. मिलमधून निघालेली थोडी पावडर घ्यायची, बारीक जाळीच्या चाळणीवर हलवायची, वर किती उरतं ते बघायचं आणि जास्त उरलं तर ऑपरेटरवर ओरडायचं. ओरडण्याचं मला विशेष जमतं. घरचे म्हणतात, शेठनं तुला तेवढ्यासाठीच ठेवलीय.

लोकांना वाटतं मिल म्हणजे मोठी पिठाची गिरणी. वरून घातलं, खालून आलं, झालं. तसं नसतं. आमच्या मिलच्या पोटात हातोडे फिरतात, त्यांच्यावर हळकुंड फुटतं. खालून पंख्याचा वारा येतो आणि तो फुटलेलं सगळं वर उचलतो. वर पात्यांचं एक चाक गरगर फिरत असतं. खरी गंमत त्या चाकाची. कण बारीक असला तर वारा त्याला पात्यांच्या फटीतून पलीकडे ओढून नेतो. जाड असला तर चाक त्याला बाहेर भिरकावतं, तो परत खाली हातोड्यांत पडतो आणि परत मार खातो. चाकाचा वेग वाढवला की माल आणखी बारीक निघतो, कारण जाडाला आणखी लांब ठेवलं जातं. पलीकडे गेलेला माल एका उंच नरसाळ्यात घुमतो, खाली बसतो आणि गोणीत पडतो. तोच विकायचा.

आता, जे इतकं हलकं असतं की नरसाळ्यातही खाली बसत नाही, ते वाऱ्याबरोबर पुढे जातं. तिथे कापडाच्या लांब पिशव्या टांगलेल्या असतात. वारा कापडातून निघून जातो, धूळ आत चिकटून राहते. ही सगळ्यात बारीक धूळ. आणि मी पहिल्या दिवसापासून बघतेय, ह्या मशीनला हळद कळत नाही, मिरची कळत नाही, धणे कळत नाहीत. त्याला एवढंच कळतं की कोण जड आणि कोण हलकं. म्हणून आमच्याकडे पिशव्यांचे दोन जोड आहेत, एक मिरचीचा, एक हळदीचा. माल बदलला की पिशव्या बदलायच्या.

एवढं लक्षात ठेवा. काकांनी नाही ठेवलं.

काकांच्या धाकट्या भावाची मी मुलगी. माझं सासर टेमघरला, माहेर इथेच वडप्याला, काकांच्या बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत. तिथे आता आई एकटी राहते. एकटी म्हणायचं आपलं, कारण काकांची मुलगी, माझी चुलतबहीण, अर्धा दिवस तिथेच असायची. ती पोर आईच्याच मांडीवर वाढली. ती तान्ही होती तेव्हा गावात सरपंचपद बायकांना राखीव झालं आणि काकी सरपंच झाली. म्हणजे काका सरपंच झाले, पण सही काकीची लागायची, म्हणून तिला रोज पंचायतीत नेऊन बसवायचे. पोर राहिली आईकडे. पहिला दात आईनं पाहिला, पहिलं पाऊल आईनं पाहिलं, पहिली शिवीही आईकडूनच शिकली. ती काकीला मम्मी म्हणते आणि आईला आये. ह्यात कुणाला काही खटकलं नाही कधी.

आमच्या भावकीत हळदीचं जातं आईच्या हातचं. लग्न कुणाचंही असो, जात्याला आंब्याची पानं बांधायची, पाच सवाष्णी बसायच्या, धवलारीण लग्नाचं गाणं धरायची आणि पहिली मूठ आई घालायची. मग बाबा गेले. त्यानंतरच्या पहिल्याच लग्नात हळदीचं ताट दुसऱ्या बाईच्या हातात गेलं आणि आईच्या हातात वड्याच्या पिठाची परात आली. कुणी भांडलं नाही, कुणी तोंडावर बोललं नाही. एवढ्या सफाईनं आमची मिलसुद्धा माल बाजूला काढत नाही.

मी बोलले. मी नेहमीच बोलते, म्हणून ऐकायची कुणाला सवय राहिली नाही. आई म्हणाली, "जाऊ दे गो. वडं पन कुनीतरी तलायलाच होवं."

मग ह्या पोरीचं लग्न ठरलं. नवरा राहनाळचा, घरची गोदामं, पोरगा बरा. आणि ही पोरगी सुपारी फुटायच्या आधीच बापाला म्हणाली, "हळद आये दळंल आनि पहिली आयेच लावंल. न्हायतर मी पाटावर बसनार न्हाय."

काकांना घाम फुटला. मुलीला नाही म्हणवत नाही, भावकीला हो म्हणवत नाही. आणि त्यात आमच्याकडे थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाही. एवढ्या वर्षांत काका आईशी एक वाक्य सरळ बोललेले मला आठवत नाहीत. समोरासमोर उभे असले तरी "तिला सांग, चहा दे म्हनावं" असं कुणाच्या तरी मार्फत. मग तिला विचारायचं तरी कुणी आणि कसं? काका दोन दिवस सोफ्यावर बसून मिशी ओढत राहिले.

तिसऱ्या दिवशी ते गाळ्यावर आले. भाडेकरूच्या गाळ्यात मालक महिन्यातून एकदा फेरी मारतो, तशी फेरी. शेठ लगबगीनं पुढे आला. शेठचा एक गुण आहे, त्याला मशीनबद्दल काही कळत नसलं तरी अभिमान फार. त्यानं काकांना मिल दाखवली, चाक दाखवलं, नरसाळं दाखवलं, आणि शेवटी मागच्या पिशव्यांवर हात ठेवून म्हणाला, "काका, ये देखो. ये पावडर का भी पावडर. हवा में उडता है. इससे बारीक दुनिया में कुछ नहीं."

काकांचे डोळे चमकले. ती चमक मी ओळखते. बंगल्याचा जिना बाहेरून काढायचं सुचलं तेव्हाही अशीच आली होती.

"इससे बारीक न्हाय?" काकांनी विचारलं.

"नहीं काका. चेहरे पे लगाओ तो मालूम भी नहीं पडेगा."

संध्याकाळी घरी घोषणा झाली. ह्या लग्नात जातं बसणार नाही. जुनं झालं ते. हळद मिलची, एकदम बारीक, फॉरेनसारखी. आणि जातंच नाही म्हटल्यावर जात्यावर कोण बसणार हा प्रश्नच नाही! काका एवढे खूष होते की मला त्यांची दयाच आली. एका दगडात दोन पक्षी मारलेल्या माणसाला वाटतं आपल्याला नेमबाजी येते.

"आनि पहिली कोन लावंल?" पोरीनं विचारलं.

"ते बगू तवा," काका म्हणाले. म्हणजे बघणार नाहीत.

पोरगी मागच्या खोलीत येऊन रडली. आई तिला म्हणाली, "रडतंस कशाला? मी बाजूला उभी हाय ना. लावली काय न लावली काय, तू माझीच हायस." आणि माझ्याकडे बघून, "तू गप बस." मी तोंड उघडलंही नव्हतं. पण उघडणार होते हे खरं.

मला वाटलं होतं, काका गोणीतली चांगली हळद मागतील, मी स्वतः चाळून देईन, विषय संपेल. पण काकांना गोणीतली नको होती. गोणीतली तर दुकानात पण मिळते. अर्ध्या भिवंडीसारखी आमची सुट्टी शुक्रवारची. त्या शुक्रवारी मी टेमघरला घरी, शेठ सुरतेला. काका स्वतःकडची चावी घेऊन गाळ्यावर गेले, ऑपरेटरला त्याच्या खोलीवरून उठवून आणलं आणि हळकुंडाची गोणी मिलमध्ये ओतायला लावली.

ऑपरेटर आजमगढकडचा, वयानं मोठा, आम्ही त्याला चाचा म्हणतो. नंतर मी त्याला झाडलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "बोला था बेटी, थैली मिर्ची वाली लगी है, शनिवार को बदलेगी. वो बोले, जगह किसकी है? मैं बोला, आपकी. वो बोले, तो चालू कर." मग त्यानं चालू केली. त्याच्या जागी मी असते तर मीही केली असती. शनिवारीही तिथेच कामाला यायचं असतं.

मिलचं पोट गुरुवारी मिरचीनंतर झाडून-पुसून झालेलं, आतून तांदूळही फिरवून काढलेले. म्हणजे पुढे गोणीत जी हळद पडत होती, ती सोन्यासारखी. काकांनी तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. मशीन बंद झाल्यावर त्यांनी मागच्या पिशव्या काठीनं झोडपायला लावल्या, की काही म्हणजे काही आत राहता कामा नये. आठवडाभराची मिरचीची सगळ्यात बारीक धूळ आणि त्या दिवशीच्या हळदीची सगळ्यात बारीक धूळ अशी जोडीनं खाली आली. रंग जरा केशरी आला. काका म्हणाले, बघा, बारीक केल्यावर कसा उतरतो रंग! शिंका सुरू झाल्या. काका म्हणाले, असली मालाला जोर असतोच.

त्यांनी ती धूळ चांदीच्या दोन डब्यांत भरली. एक ठेवला देवाजवळ, कुणी हात लावू नये म्हणून. दुसरा मोठ्या थाटात राहनाळला नवऱ्याच्या घरी पाठवला. नवऱ्याची उष्टी हळद नवरीकडे यायची ही रीत. आमच्याकडून उलट हळद तिकडे गेली. व्याह्यांना पण कळू दे, आपल्याकडे काय चीज आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त काकांनी ते टेम्पोनं घरपोच केलं.

हळदीचा दिवस उजाडला. आमच्याकडची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. मांडव, स्टेज, मागे पडदाभर लाइट, बँड, मटणाची पातेली. संध्याकाळ व्हायच्या आत खुर्च्या भरल्या. पोरगी पिवळ्या साडीत पाटावर येऊन बसली आणि बसताबसता तिनं स्टेजच्या कडेला उभ्या असलेल्या आईचा पदर धरला. सोडेना. काकांनी माइकवरून पाच सवाष्णींना बोलावलं. पहिली, काकीची मुंबईची बहीण. त्या मावशीनं ह्या पोरीला आयुष्यात दोनदा पाहिलेलं, त्यातलं एकदा साखरपुड्याला.

मी मागे होते, वड्यांचं टोपलं घेऊन. मला हळदीच्या ताटातला रंग दिसला. चाळणीवर आयुष्य घालवलेल्या बाईला हळदीचा रंग सांगावा लागत नाही. मी टोपलं तिथेच टाकलं आणि ओरडले, "थांबा! थांबा गो!" पण बँडवाल्यांनी त्याच वेळी जोर धरला. माझा आवाज मिलच्या आवाजावर चढतो, पण बेंजोवर नाही चढला. मी खुर्च्यांतून वाट काढेपर्यंत पाचही जणींनी पोरीचे गाल, कपाळ, हात, पाय रंगवून टाकले होते. शेवटी काकांनीही कौतुकानं लेकीच्या नाकाला बोट लावलं.

मिरची लगेच बोलत नाही. आधी पोरगी नुसती हसली, गुदगुल्या झाल्यासारखी. मग तिनं नाक ओढलं. मग एकदम किंचाळली, "आये! आग! आये, आग झाली!"

तिकडे मुंबईच्या मावशीनं त्याच हातानं डोळा पुसला आणि ती स्टेजवर बसूनच बेंजोपेक्षा मोठ्यानं सुरू झाली. काका बोट धरून नाचायला लागले. त्यांनी ते बोट चाखून बघितलं होतं असं पुढे कळलं. खुर्च्यांवरचे लोक टाळ्या वाजवत होते, त्यांना वाटलं नाच सुरू झाला.

आईनं पोरीला पाटावरून तशीच उचलली, ओसरीवर नेली, खोबरेल तेलाची अख्खी बाटली तिच्या तोंडावर ओतली आणि कापडानं पुसून काढली. मग दह्याचं पातेलं ओढलं आणि दोन्ही हातांनी तिच्या तोंडावर, मानेवर, हातांवर दही थापलं. पोरगी रडत होती, आई तिच्या डोळ्यांवर फुंकर घालत होती. चार पाहुण्यांपुढे उघडपणे आईनं आधी त्या पोरीला कधी हात लावला नव्हता, बाबा गेल्यापासून. आता लावत होती आणि कुणाला अडवायचं भान नव्हतं.

ते भान आलं, पण दुसऱ्याच वाटेनं. डोळ्याला ओला रुमाल लावलेली मावशी म्हणाली, "म्हणतात ते खोटं नाही. विधवा बाई हळदीच्या पाटाला टेकून उभी होती. असं होणारच."

आधी दोन म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. मग आणखी चौघींनी. मी बघत होते, बोललं गेलेलं वाऱ्यावर उडून कसं एकेका तोंडाला चिकटतं ते. आईचे दह्याचे हात पोरीच्या गालावरच थांबले. तिनं ते हळूच मागे घेतले. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी ताटाशेजारचा चांदीचा डबाच उचलला.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. काकांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो, महत्त्वाच्या माणसाचं बोलणं चारचौघांत व्हावं म्हणून. राहनाळहून व्याही बोलत होते. बोलत कसले, बोंबलत होते. "अहो, काय पाठवलंत हे? आमचा पोरगा पिंपात बसलाय! गल्यापर्यंत पान्यात! त्याच्या मामाचा डोला उघडत न्हाय! हलद हाय का काय हाय?"

मला एवढंच पाहिजे होतं. मी मावशीपुढे जाऊन उभी राहिले. "माझी आई हितं पाटाजवळ उभी होती ना? मग राहनाळला पिंपात बसलाय त्याच्याजवळ कोण उभं होतं? का माझ्या आईची सावली टेम्पोत बसून गेली?"

मावशीनं रुमाल दुसऱ्या डोळ्यालाही लावला.

"ही मिरची आहे," मी डबा सगळ्यांपुढे फिरवला. "मिरचीच्या पिशव्या झोडपून काढलेली. अपशकुन नाही, कारभार आहे. ज्याला पटत नाही त्यानं बोट बुडवून चाखावं. काका, तुम्ही आणखी एकदा चाखता का?"

काका चाखले नाहीत. त्यांनी स्पीकर बंद केला आणि व्याह्यांना दही लावायला सांगितलं.

पण हळद तर लावायची होती. उष्टी हळद दोन्हीकडे व्हायलाच पाहिजे, उद्या लग्न. काकी म्हणाली, गाळ्यावरून गोणीतली आणा. पोरीनं दह्याखालून तोंड काढलं. गाल टोमॅटोसारखे झालेले. म्हणाली, "गाल्यावरचं काय नको. आयेच्या मसाल्याच्या डब्यातली आना. आनि आये लावंल. न्हायतर मी अशीच दही लावून बोहल्यावर उभी राहीन, फोटो काढा माझे."

काकांनी मांडवाकडे बघितलं. शेकडो माणसं त्यांच्याकडे बघत होती. हातातल्या फोनवर व्याह्यांचे दोन मिस्ड कॉल आले होते. त्यांनी माइक तोंडाजवळ नेला आणि छताकडे बघत म्हणाले, "तिला सांगा, लाव म्हनावं."

आईनं डब्यातली हळद दह्यात कालवली. ती हळद जाडसर असते, चक्कीवरून आणलेली, बोटांना लागते. ती माझ्या चाळणीवर कधी पास झाली नसती. आईनं एका गालाला लावली, दुसऱ्या गालाला लावली, आणि पोरीनं काय केलं, तर आईची मान दोन्ही हातांनी धरली आणि आपला गाल तिच्या गालावर घासला. आईच्या तोंडाला हळद लागली. आई हसत होती आणि रडत होती, आणि मीही रडले, हे सांगायला मला लाज नाही. फोटोग्राफर काय, त्याला पैसेच त्याचे दिलेले. त्यानं धडाधड फोटो काढले.

लग्न झालं. नवरानवरी दोघंही जोडीनं लाल होती, लोक म्हणाले काय तेज आलंय.

आणि आठवड्याभरात नाक्यावर फ्लेक्स लागला. भलामोठा, कंटेनरवाल्यांना लांबून दिसेल असा. मधोमध आई पोरीला हळद लावतेय, आणि बाजूला दुप्पट आकाराचे काका हात जोडून. वर लिहिलेलं, 'रूढीला छेद देणारे समाजसुधारक'. सुंभ जळतो तरी पीळ जात नाही म्हणतात, काकांचा तर सुंभही जळला नव्हता, नुसतं बोट भाजलं होतं. लोक नाक्यावर काकांना अडवून अभिनंदन करत आणि काका म्हणत, "बदल आपल्या घरापासून करायला होवा." आईला मी फ्लेक्स दाखवायला नेलं. ती म्हणाली, "पदर नीट आलाय."

पुढच्या वर्षी काकांच्या मुलाचं लग्न निघालं. पोरगी बाळंतीण, राहनाळहून येऊ शकत नव्हती. ह्या वेळी मिलचं कुणी नाव काढलं नाही. जातं बाहेर काढलं, धुतलं, आंब्याची पानं बांधली. पाच सवाष्णींची नावं ठरली आणि त्यात पाचवी मी. आईचं नाव कुणी घेतलं नाही. कुणी भांडलं नाही, कुणी तोंडावर बोललं नाही. आईच्या हातात वड्याच्या पिठाची परात आली. मिलमध्ये असंच होतं. जाड कण चुकून वर गेला तरी चाक त्याला परत खाली धाडतं.

हळदीच्या दिवशी मी मागे आईकडे गेले. वडे तळायला मागच्या अंगणात बांबूंवर छप्पर टाकलं होतं. छपराला ताडपत्री म्हणून नाक्यावरचा फ्लेक्स ताणून बांधलेला. काकांचं अर्धं डोकं बांबूपलीकडे गेलं होतं, पण आईचं तोंड बरोबर मधोमध, उलटं, चुलीच्या धुरानं जरा काळं पडलेलं. त्याच्याखाली आई परातीशी बसली होती.

"वर बघितलंस?" मी विचारलं.

"बगितलं," आई म्हणाली. "ऊन लागत न्हाय, बरं हाय."

मी शालू खोचला आणि तिच्या शेजारी बसले, वडे थापायला घेतले. आई म्हणाली, "तुला बोलवत्यात, जा." मी म्हटलं, "पीठ लागलंय हाताला."

माइकवर पुकारा सुरू झाला. चार आल्या, पाचवी कुठंय? पाचवीनं लवकर या. धवलारीण गाणं धरून थांबली होती. पाच जणींशिवाय पहिली मूठ पडत नाही. पुकारा परत झाला, मग परत. शेवटी काका स्वतः मागे आले, फेटा बांधलेले, घामाघूम.

"काय गो, ऐकू येत न्हाय तुला? पाचवीवाचून खोलंबलंय सगलं!"

"पाचवी ही बसलीय," मी आईकडे हात केला. "वर फोटोपण आहे. जुळवून बघा, तीच आहे का."

काकांनी वर बघितलं. आधी त्यांना आपलं अर्धं डोकं दिसलं, मग आईचं तोंड, मग आपणच लिहून घेतलेली ओळ. मांडवातून माइकवाला परत ओरडला. इकडे काकांचा निरोप सांगायला मधे माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी वडे थापत राहिले.

"चल," काका म्हणाले. आईकडे बघून, सरळ. "जात्याशी चल."

आईनं पदर डोक्यावर ओढला. पण जागची उठली नाही. काका तिच्यापासून हातभर अंतरावर होते, तरी ती माझ्याकडे वळून म्हणाली, "विचार त्यांना, हलकुंडं कुठनं आनलीत?"

"बाजारातनं," काका म्हणाले. "चाखून बगितलीत मी."

आईनं परात माझ्याकडे सरकवली आणि हात धुवायला उठली.